कागदावर न उतरलेला नाटककार

‘वस्त्रहरण’कार गंगाराम गवाणकर यांचे ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईत निधन झाले. त्याच्या दीड महिना आधी, १२ सप्टेंबर २०२५ रोजी, सुबोध खानोलकर दिग्दर्शित ‘दशावतार’ हा चित्रपट प्रदर्शित झाला होता आणि दिलीप प्रभावळकर यांनी त्यात साकारलेला वयोवृद्ध दशावतारी कलावंत शहरी प्रेक्षकांच्या चर्चेचा विषय ठरला होता. या दोन घटनांचा एकमेकींशी थेट संबंध नाही. तथापि, दोन्हींमुळे तळकोकणच्या नाट्यपरंपरेकडे काही काळ का होईना, महाराष्ट्राचे लक्ष वेधले गेले. गवाणकरांना श्रद्धांजली वाहताना मालवणी बोलीला व्यावसायिक रंगभूमीवर मानाचे स्थान मिळवून देणारा नाटककार म्हणून त्यांचा यथोचित गौरव झाला. चित्रपटाच्या निमित्ताने दशावतारी नटाच्या अभिनयाचे, वेशभूषेचे आणि निष्ठेचे कौतुक झाले. एक लेखक म्हणून गौरवला गेला, दुसरा नट म्हणून. ही विभागणी सर्वांना स्वाभाविक वाटली.

प्रत्यक्षात मात्र दशावताराच्या बाबतीत ती लागू पडत नाही. मंदिरासमोरच्या मांडावर मध्यरात्रीनंतर राजाच्या वेषात उभा राहून अस्खलित मराठीत पल्लेदार स्वगत म्हणणारा नट कुणा नाटककाराची वाक्ये म्हणत नसतो. ती वाक्ये त्याची स्वतःची असतात आणि बहुधा त्याच क्षणी रचलेली असतात. तो नट आहे तसाच लेखकही आहे. परंतु त्याच्या या दुसऱ्या ओळखीची नोंद ना साहित्याच्या इतिहासात आहे, ना शासनाच्या दफ्तरात. कायद्याच्या पुस्तकातही तिला अर्धवटच जागा आहे. या उपेक्षेचे परिणाम आता दिसू लागले आहेत. म्हणूनच हा प्रश्न केवळ अभ्यासकांपुरता राहिलेला नाही.

कर्लीकाठचा प्रदेश

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या कुडाळ तालुक्यात कर्ली नदीच्या काठी वालावल हे गाव वसले आहे. श्रीलक्ष्मीनारायणाचे प्राचीन मंदिर, त्याला लागून असलेला तलाव आणि माडापोफळींची दाट सावली यांमुळे पर्यटनाच्या नकाशावर या गावाला अलीकडे स्थान मिळू लागले आहे. सांस्कृतिक दृष्ट्या त्याचे महत्त्व याहून मोठे आहे. वालावल, चेंदवण, कवठी, नेरूर ही एकमेकांच्या शेजारची गावे म्हणजे दशावताराचा हमरस्ता होय. दशावतार दक्षिणेकडून या भूमीत आणण्याचे श्रेय परंपरा ज्या गोरे घराण्याला देते ते कवठीचे. नेरूर हे कलेश्वराचे आणि त्याच्या नावाने चालणाऱ्या दशावतार मंडळाचे गाव. ‘वालावलकर’ हे नाव धारण करणारे मंडळ मोचेमाडकर, पार्सेकर, आजगावकर, खानोलकर या नामवंत मंडळांच्या पंक्तीत घेतले जाते. या बहुतेक मंडळांची नावे गावांवरून आलेली आहेत, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. येथे कलेची ओळख व्यक्तीपेक्षा गावाशी जोडलेली आहे.

याच कुडाळने मराठी साहित्याला चिं. त्र्यं. खानोलकर तथा आरती प्रभू दिले. खानोलकरांचा जन्म वेंगुर्ले तालुक्यातला. पुढे कुडाळात खानावळ चालवीत असताना त्यांच्या कवितेने मराठी रसिकांचे लक्ष वेधून घेतले आणि निधनानंतर दोन वर्षांनी, १९७८ मध्ये, ‘नक्षत्रांचे देणे’ या संग्रहाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. खानोलकर मुद्रित झाले म्हणून ते आज वाचता येतात, त्यांच्यावर प्रबंध लिहिता येतात. त्याच तालुक्यात, त्याच काळात, जत्रेच्या रात्री कितीतरी दशावतारी नटांनी कर्णाची व्यथा आणि भीष्माचा निश्चय आपापल्या शब्दांत मांडला असेल. त्यातले एक वाक्यही आज उपलब्ध नाही. दोन्हींच्या गुणवत्तेची तुलना करण्याचे कारण नाही. एक वाङ्मय कागदावर आले आणि दुसरे आले नाही, एवढा भेद निश्चित आहे.

नाटक घडते कसे?

दशावताराचा हंगाम साधारणपणे कार्तिकातील जत्रांपासून सुरू होतो आणि पावसाळा तोंडावर येईपर्यंत चालतो. देवाची पालखी फिरून झाली, ओट्या भरून झाल्या की मध्यरात्रीच्या सुमारास नाटकाला आरंभ होतो. नेपथ्य म्हणाल तर एक पडदा आणि एक बाकडे. तेच बाकडे सिंहासन होते, रथ होते, पर्वतही होते. पायपेटी, मृदंग किंवा पखवाज आणि झांज एवढ्या साथीवर रात्र उभी राहते. आरंभी गणपती, ऋद्धि-सिद्धी, भटजी, सरस्वती आणि संकासुर यांचा पूर्वरंग होतो. काळ्या वेषातला संकासुर मालवणीत बोलतो, गावातल्या चालू घडामोडींवर टोलेबाजी करतो आणि अखेर विष्णूच्या हातून मारला जातो. त्यानंतर मुख्य आख्यान सुरू होते. पहाटे दहीहंडी फुटते आणि काला होतो. म्हणूनच गावकरी या सगळ्याला ‘दहीकालो’ म्हणतात.

या साऱ्यात लिखित संहिता कोठेच नसते. त्या रात्री कोणते आख्यान लावायचे हे मंडळाचा प्रमुख ठरवतो. रंगभूषा चालू असतानाच कथानकाचा सांगाडा सांगितला जातो. कोणाचा प्रवेश कोणानंतर, कोणी कोणाला भेटायचे, युद्ध कोठे आणि शेवट कसा, एवढे ठरले की पुरे. आरशासमोर स्वतःच्या हाताने चेहरा रंगवता रंगवता प्रत्येक नट आपल्या मनाशी भूमिकेची जुळणी करीत असतो. राजपार्टी नटाची भाषा वेगळी, राक्षसाची वेगळी, नारदाची वेगळी आणि स्त्रीपार्टी नटाची वेगळी. देव-राजे संस्कृतप्रचुर मराठी बोलतात, विनोदी पात्रे मालवणी. हे सर्व पडद्याबाहेर पाऊल टाकल्यावर घडत जाते.

उदाहरणार्थ, कर्ण आणि कुंती यांच्या भेटीचा प्रसंग घेऊ. कुंती कर्णाला त्याच्या जन्माचे रहस्य सांगणार आणि पांडवांकडे येण्याची विनवणी करणार, कर्ण नकार देणार, हे दोन्ही नटांना आणि प्रेक्षकांनाही ठाऊक असते. ठाऊक नसते ते एवढेच, की त्या रात्री कुंती आपली बाजू कोणत्या युक्तिवादाने मांडील. तिने मातृत्वाचा हवाला दिला तर कर्णाला नदीत सोडलेल्या पेटीची आठवण करून देता येते. तिने कुलाचा अभिमान जागवला तर राधेच्या घरचा घास पुढे करावा लागतो. समोरच्याने अनपेक्षित मुद्दा काढला तर तेथल्या तेथे उत्तर सुचले पाहिजे, ते भूमिकेच्या तोंडी शोभले पाहिजे आणि पुढच्या पदाच्या सुरावर जाऊन थांबले पाहिजे. पेटीवाल्याचे कान त्या शेवटच्या शब्दाकडे लागलेले असतात. पात्राचा स्वभाव, युक्तिवादाची बांधणी, भाषेची पातळी आणि प्रवेशाची लांबी हे सगळे निर्णय नाटककाराचे आहेत. येथे ते नट घेतो आणि तेही प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत.

हे बळ येते कोठून? बहुतेक दशावतारी कलावंतांचे शालेय शिक्षण बेताचेच राहिले. त्यांची पाठशाळा वेगळी होती. श्रीधरस्वामींचे ‘हरिविजय’, ‘रामविजय’ आणि ‘पांडवप्रताप’ हे अठराव्या शतकाच्या आरंभी रचलेले ग्रंथ कोकणातल्या घराघरांत श्रावणात वाचले जात. कीर्तने होत, भजनांच्या बाऱ्या होत, नाट्यसंगीत कानावर पडे. त्यावर वर्षानुवर्षांच्या श्रवणाचा संस्कार होई. नवा मुलगा मंडळात आला की आधी किरकोळ कामे करी, वडीलधाऱ्या नटांची वाक्ये ऐकून ऐकून साठवी आणि एके दिवशी त्यांच्यासमोर उभा राही. अशा रीतीने एका पिढीचे वाक्य दुसरीकडे जाई. वाटेत त्याचे रूप पालटे. या परंपरेत चोरी नाही, कारण मालकी नाही.

‘रात्री राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा’ ही म्हण या कलावंतांच्या आर्थिक स्थितीचे चपखल वर्णन करते. पूर्वी गणपतीचा पेटारा आणि कपड्यांची बोचकी डोक्यावर घेऊन मंडळी एका जत्रेहून दुसऱ्या जत्रेला चालत जात. आता वाहने आली असली तरी उत्पन्नाची अनिश्चितता कायम आहे. २०२० आणि २०२१ मध्ये करोनाच्या निर्बंधांमुळे जत्रा बंद राहिल्या तेव्हा या अनिश्चिततेचे उग्र रूप दिसले. ज्याचे नाटक त्याच्या जिभेवर आहे, त्याला प्रयोग थांबला की विकण्यासारखे काहीच उरत नाही. पुस्तकाचे मानधन नाही, प्रयोगमूल्य नाही, हक्कांचा करार नाही.

बुकिश रंगभूमी आणि ‘वस्त्रहरण’

मराठी नाटकाच्या इतिहासात ही परिस्थिती नेहमीच अशी नव्हती. सांगलीला विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये ‘सीता स्वयंवर’ रंगवले तेव्हा सूत्रधार पदे म्हणत असे आणि पात्रांची भाषणे बरीचशी उत्स्फूर्त असत. पूर्ण लिहिलेली, पाठ करून म्हणायची नाटके नंतर आली आणि त्यांचे वेगळेपण दाखवण्यासाठी त्यांना ‘बुकिश’ हा शब्द वापरला गेला. म्हणजे लिहिलेले नाटक हाच त्या काळी अपवाद होता आणि त्याला विशेषण लावावे लागत होते. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ आले आणि संहितेचे राज्य पक्के झाले. पुढील काळात नाटककार हा मराठी रंगभूमीचा नायक बनला. दशावतार या बदलाच्या बाहेर राहिला. त्याला ‘लोककला’ हे नाव मिळाले आणि त्या नावासोबत लेखकाचे अस्तित्वही पुसले गेले.

‘शाकुंतल’नंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९८० मध्ये, ‘वस्त्रहरण’ रंगभूमीवर आले. गवाणकर मूळचे राजापूर तालुक्यातील माडबनचे. बालपणीच मुंबईत येऊन, हालअपेष्टा सोसत त्यांनी सर जे. जे. कला महाविद्यालयापर्यंत मजल मारली आणि पुढे टेलिफोन खात्यात नोकरी केली. गावात हौसेने होणाऱ्या नाटकांची फजिती त्यांनी जवळून पाहिली होती. महाभारतातील वस्त्रहरणाचा प्रसंग रंगवायला निघालेले गावकरी आणि त्यांची संहितेशी चाललेली झटापट हा या नाटकाचा विषय. आरंभी प्रेक्षकांनी पाठ फिरवलेल्या या नाटकाला पु. ल. देशपांडे यांच्या प्रशंसापत्राने जीवदान मिळाले आणि पुढे त्याचे पाच हजारांहून अधिक प्रयोग झाले, ही हकिकत सर्वश्रुत आहे. गवाणकरांनीच ती ‘व्हाया वस्त्रहरण’मधून सांगितली. २०१६ मध्ये ठाण्यात झालेल्या ९६व्या नाट्यसंमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले.

या यशातला एक पैलू मात्र फारसा चर्चिला जात नाही. ‘वस्त्रहरण’मधला विनोद फुलतो तो लिखित नाटक आणि बोलता माणूस यांच्या विसंगतीतून. पाठ केलेले वाक्य आठवत नाही, मध्येच घरचे भांडण उपटते, पौराणिक पात्राच्या तोंडून मालवणी निसटते आणि प्रेक्षक हसून बेजार होतात. हे गावकरी अडखळतात, कारण त्यांच्या हाती दुसऱ्याची वाक्ये आहेत. त्याच मातीतला दशावतारी अडखळत नाही, कारण त्याची वाक्ये त्याचीच असतात. गवाणकरांनी कागदावर जे पकडले त्याच्या मागे हीच बोलण्याची परंपरा उभी होती.

तात्या सरपंचांची भूमिका अजरामर करणारे मच्छिंद्र कांबळी हे मालवण तालुक्यातील रेवंडीचे. प्रेक्षकांचा नूर पाहून संवादात ताजी भर घालण्याचे त्यांचे कसब प्रसिद्ध होते. पुन्हा पुन्हा नाटकाला येणारा रसिक आज तात्या काय नवे बोलणार, याच उत्सुकतेने येई. ३० सप्टेंबर २००७ रोजी कांबळी गेले आणि त्यांच्यासोबत ‘वस्त्रहरण’चा हा तोंडी भागही गेला. छापील पुस्तकात गवाणकरांचे नाटक सुरक्षित आहे. हजारो प्रयोगांत कांबळींनी रचलेले नाटक मात्र प्रेक्षकांच्या आठवणीतच उरले आहे. व्यावसायिक रंगभूमीवर, मुंबईसारख्या शहरात, एवढ्या लोकप्रिय नाटकाच्या बाबतीत हे घडत असेल तर आडगावच्या जत्रेतल्या शब्दांची गत काय होत असेल, याची कल्पना करता येते.

कायदा काय म्हणतो?

या भेदाला कायद्याचीही जोड आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार नाटककाराच्या निधनानंतर पुढील वर्षाच्या आरंभापासून साठ वर्षे त्याच्या कृतीवरील हक्क वारसांकडे राहतात. म्हणजे ‘वस्त्रहरण’च्या संहितेवरील हक्क २०८५ सालच्या अखेरपर्यंत अबाधित आहेत. हे न्याय्यच आहे. परंतु ‘नाट्यकृती’ म्हणून संरक्षण मिळण्यासाठी तिचे रूप लेखनात किंवा अन्य प्रकारे निश्चित झालेले असावे, अशी अपेक्षा त्याच कायद्याच्या व्याख्येत आहे. रोज बदलणारे, कोठेही न लिहिलेले आख्यान या व्याख्येत बसवणे अवघड आहे.

कायद्याने प्रयोगकर्त्यांना अगदीच वाऱ्यावर सोडले आहे असेही नाही. १९९४ च्या दुरुस्तीने कलावंतांचे हक्क मान्य झाले. ‘प्रयोगकर्ता’ या संज्ञेत नट, गायक, वादक, नर्तक यांच्याबरोबरच कसरतपटू, जादूगार, व्याख्याता आणि गारुडी यांचाही नामनिर्देश आहे. कलावंताच्या संमतीवाचून त्याच्या प्रयोगाचे ध्वनिचित्रमुद्रण करून ते प्रसारित करता येत नाही आणि हा हक्क प्रयोगाच्या पुढील वर्षापासून पन्नास वर्षे टिकतो. २०१२ च्या दुरुस्तीने त्यात नैतिक हक्कांची भर पडली. आपल्या प्रयोगाशी आपले नाव जोडले जावे आणि त्याची विटंबना होऊ नये, असा आग्रह कलावंत आता कायद्याने धरू शकतो.

पण हा हक्क त्याने केलेल्या प्रयोगावर आहे, त्याने रचलेल्या शब्दांवर नाही. कायद्याच्या नजरेत दशावतारी हा दुसऱ्या कुणाचे तरी नाटक सादर करणारा नट आहे. ते नाटक कोणाचे, हा प्रश्न कायदा विचारत नाही. अशा स्थितीत नव्या तंत्रज्ञानाने आणखी गुंता निर्माण केला आहे. जत्रेत आज जवळजवळ प्रत्येक हातात मोबाइल असतो. रात्रभराचे नाटक दुसऱ्या दिवशी इंटरनेटवर येते आणि मुंबई-पुण्यातलेच नव्हे तर आखातातले मालवणी कुटुंबही ते पाहते. प्रसाराच्या दृष्टीने ही इष्टापत्ती आहे. शतकानुशतके हवेत विरणारे शब्द प्रथमच टिकू लागले आहेत. मात्र कायद्याप्रमाणे चित्रफितीचा कर्ता तिचा निर्माता असतो. परिणामी, ज्याने नाटक रचले त्याचे नाव फितीखाली बहुधा नसते, ज्याने मोबाइल धरला त्याचे असते. संमती घेण्याची पद्धत तर क्वचितच पाळली जाते.

यावर ‘प्रत्येक संवादाची नोंद करा आणि हक्क बजावा’ असा सरळसोट उपाय सुचवणे सोपे आहे. तो अमलात आला तर मात्र कलेचाच गळा घोटला जाईल. ज्येष्ठाचे वाक्य कनिष्ठाने उचलणे, त्यात भर घालणे, दुसऱ्या मंडळाची खुबी आपलीशी करणे यावरच दशावतार तगला आहे. उद्या कोणी कर्णाच्या स्वगतावर मालकी सांगू लागला तर नव्या नटाने शिकायचे कोठे? शिवाय लिहून ठेवलेली संहिता हाती आली की पाठांतर सुरू होईल आणि नटातला लेखक निवृत्त होईल. अलीकडे लोकप्रिय झालेल्या ट्रिकसीनयुक्त प्रयोगांत हा धोका अंशतः दिसतोच. यंत्रांच्या आणि प्रकाशाच्या करामतींशी वेळ जुळवायची म्हणजे संवाद मोजून-मापून बोलावे लागतात. प्रेक्षकाचे डोळे दिपतात, पण त्याच्या कानांना पूर्वीइतके काम राहत नाही. नामवंत नटांना एकत्र आणणारे संयुक्त दशावतार मात्र वेगळ्या कारणाने लक्षणीय आहेत. दोन मंडळांतले मुरलेले नट समोरासमोर आले की कोणाचे उत्तर सरस ठरते हे ऐकण्यासाठी लोक दूरवरून येतात. रसिकांना या कलेतला लेखक ठाऊक आहे, याचा हा पुरावाच म्हणावा लागेल.

अकादमींच्या मधली जागा

जगाने हा प्रश्न काही ठिकाणी वेगळ्या रीतीने हाताळला आहे. इटलीतील कॉमेडिया देल आर्ते या नाट्यप्रकारातही कथानकाचा आराखडा तेवढा ठरलेला असे आणि संवाद नट रचीत. नट आणि मंडळीप्रमुख फ्लामिनियो स्काला याने १६११ मध्ये असे पन्नास आराखडे छापून प्रसिद्ध केले. त्याने संवाद छापले नाहीत, सांगाडे छापले. त्यामुळे कला गोठली नाही आणि तिचा इतिहासही हाती राहिला. त्याच देशातील दारिओ फो हा लेखक-नट मध्ययुगीन विदूषकांच्या आणि कथेकऱ्यांच्या परंपरेशी नाते सांगत रंगमंचावर उभा राहिला आणि १९९७ मध्ये त्याला साहित्याचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. साहित्याचा सर्वोच्च सन्मान एका नटाला मिळाल्याबद्दल तेव्हा भुवया उंचावल्या होत्या. बोलले गेलेले वाङ्मय हेही वाङ्मयच, ही भूमिका मात्र त्या निर्णयाने अधोरेखित केली.

आपल्याकडे १९५३ मध्ये संगीत नाटक अकादमी आणि १९५४ मध्ये साहित्य अकादमी सुरू झाली. प्रशासनाच्या सोयीसाठी केलेली ही वाटणी विचारातही रुजली. जो लिहितो तो साहित्यिक, जो सादर करतो तो कलावंत. मौखिक साहित्याकडे साहित्य अकादमीने अगदीच दुर्लक्ष केले असे म्हणता येणार नाही, परंतु तेथेही ओव्या, गाणी आणि कथा यांचा विचार प्रामुख्याने होतो. रात्रीत रचल्या जाणाऱ्या नाट्यसंवादाला त्यात स्वतंत्र जागा नाही. राज्य शासनाच्या ज्येष्ठांसाठीच्या मानधन योजनेच्या नावात ‘साहित्यिक’ आणि ‘कलावंत’ हे शब्द शेजारी शेजारी येतात. अर्जदाराला मात्र त्यांतला एकच व्हावे लागते आणि दशावतारी अर्थातच कलावंत ठरतो. आयुष्यभर शेकडो नाटके रचणाऱ्या माणसाजवळ लेखक असल्याचा एकही कागद नसतो.

करण्यासारखे काय?

२०२२ मध्ये नेरूरच्या कलेश्वर मंडळाचे सुधीर कलिंगण यांचे निधन झाले. ‘लोकराजा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या नटाच्या जाण्याने सिंधुदुर्गात आणि गोव्यात हळहळ व्यक्त झाली. एका नटाबरोबर त्याची वाक्ये, त्याच्या युक्तिवादाच्या वाटा आणि प्रसंग खुलवण्याच्या युक्त्याही जातात. वारसदार त्या पुढे चालवतात हे खरे. परंतु पोथ्या आणि कीर्तने यांच्या संस्कारात वाढलेली पिढी आता उतरणीला लागली आहे. नव्या मुलांच्या कानांवर श्रीधरस्वामींपेक्षा दूरचित्रवाणीवरील मालिकांची भाषा अधिक पडते. पुढील दहा-पंधरा वर्षांत जे टिपले जाणार नाही ते नंतर टिपायला मिळणार नाही.

उपाय फार खर्चिक नाहीत. मुंबई विद्यापीठात लोककला अकादमी आहे, कुडाळ-सावंतवाडी परिसरात महाविद्यालये आहेत. ज्येष्ठ कलावंतांनी लावलेल्या आख्यानांचे आराखडे त्यांच्या नावानिशी नोंदवणे, एकच आख्यान वेगवेगळ्या मंडळांनी वेगवेगळ्या रात्री कसे रंगवले याची संमतीने केलेली ध्वनिचित्रमुद्रणे जपणे आणि त्यांतील निवडक प्रवेश अभ्यासक्रमात ‘नाट्यवाङ्मय’ म्हणून लावणे एवढे जरी झाले तरी मोठा पल्ला गाठता येईल. मुद्रणातून काही उत्पन्न झाले तर त्याचा वाटा मंडळाला मिळावा आणि नटाचे नाव फितीवर असावे, यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. असलेल्या कायद्याची माहिती मंडळांपर्यंत पोहोचवणे पुरेसे आहे. संहिता लिहून देऊन कलावंतांना पाठांतराला बसवण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळायला हवा.

‘दशावतार’ चित्रपटाला शहरांतून मिळालेला प्रतिसाद उत्साहवर्धक होता. त्या प्रतिसादाचे रूपांतर केवळ पर्यटनात झाले तर वालावलच्या तळ्याकाठी छायाचित्रे काढणाऱ्यांची संख्या वाढेल, एवढेच. कर्लीकाठच्या या पट्ट्यात लेखन आणि अभिनय ही दोन कामे एकाच माणसाने करण्याची परंपरा अजून जिवंत आहे. जत्रेच्या हंगामात रात्र जागवून ती ऐकता येते. गवाणकरांचे नाव नाटककारांच्या यादीत कायम राहील, यात शंका नाही. ज्या परंपरेच्या बोलण्यावर त्यांचे लेखन पोसले गेले, तिच्यातल्या नाटककारांची यादी मात्र अद्याप कोणी करायला घेतलेली नाही. ती निदान हयात असलेल्यांपासून तरी सुरू व्हावी.